साडेआठची मिस्सा कोणाची

मुंबईच्या साष्टीतल्या एका जुन्या गावठाणात माझा जन्म झाला. बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन, लग्न, आईवडिलांची मर्तिकं, सगळं एकाच चर्चमध्ये. घरात आम्ही त्याला देऊळच म्हणतो. या देवळात आम्ही ईस्ट इंडियन, आमच्या शेजारचे गोवेकर, मंगळुरी, तामिळ, काही मल्याळी आणि अलीकडे झारखंडहून आलेल्या मुली असे सगळे एका छपराखाली गुडघे टेकतो. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही सगळे सारखेच. आत किती भिंती आहेत ते आतल्यालाच माहीत. शाळेतली नोकरी संपल्यावर मी पॅरिश कौन्सिलवर बरीच वर्षं काम केलं. तिथे जे उमगत गेलं ते लिहिते आहे. कुणी गणेशमंडळात असेल, कुणी जातीच्या मंडळात, कुणी सोसायटीच्या कमिटीवर. त्यांना यात आपलीही माणसं भेटतील.

१. देवावरून कुणी भांडत नाही, भांडण होतं ते वेळेवरून. त्रैक्य, मारियामाऊली, पोप या विषयांवर आमच्या पॅरिशमध्ये कुणाचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. रविवारी सकाळी साडेआठची मिस्सा कोणत्या भाषेत व्हायची यावर मात्र सख्ख्या शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं पाहिलं आहे. साडेआठला देऊळ भरलेलं असतं. मुलं, सुना, नातवंडं, नवे कपडे. फादरांच्या सूचना तेव्हाच होतात, नव्या जोडप्यांची नावं तेव्हाच वाचली जातात. साडेसहाला येतात ती गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं. त्यामुळे 'मराठी मिस्सा साडेसहाला आहेच की' असं कुणी म्हटलं की आमच्या गावठाणाला ऐकू येतं ते वेगळंच.

आजीच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि आजी खाली मान घालून रोजारची माळ ओढत बसायची. घंटा वाजली की वर बघायचं, एवढं तिला ठाऊक. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकांच्या भाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. आई सांगायची, मराठीतून शुभवर्तमान पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीच्या डोळ्यांना धार लागली होती. लॅटिन कुणाच्याच घरची नव्हती, म्हणून तिच्यावरून कुणी रुसलं नाही. घरची भाषा देवळात आली आणि तिच्यामागून घरचे मानापमानही आले. तरी मला कुणी विचारलं की परत लॅटिन आणूया का, तर मी नाही म्हणेन. आजीचे ते डोळे मला जास्त मोलाचे वाटतात.

२. 'आधी कोण आलं' या प्रश्नाचं जे उत्तर आपल्याला आवडतं, ते अर्धंच असतं. आमच्या बाजूनं सांगायचं तर आम्ही इथलेच. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री या किनाऱ्यावर फिरले आणि कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी, पाचकळशी अशा घरांतून माणसं ख्रिस्ती झाली. शेतं इथली, मिठागरं इथली, बोली इथली, नेसणं लुगड्याचं. मोठ्या संख्येनं गोवेकर मुंबईत आले ते बरेच पुढे, इंग्रजांच्या काळात. जहाजावर खलाशी म्हणून, साहेबाच्या घरी स्वयंपाकी म्हणून, बँडमध्ये वादक म्हणून. मंगळुरीही आले आणि शिक्षणाच्या जोरावर कचेऱ्यांत स्थिरावले. आडनावं सगळ्यांची पोर्तुगीज. परेरा, डिमेलो, डिसोझा. इंग्रज साहेबाला यातला कोण इथला आणि कोण बोटीनं आलेला ते कसं कळावं? म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आमच्या पुढाऱ्यांनी ईस्ट इंडियन हे नाव धारण केलं. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीची सर्वांत जुनी रयत, असा त्यामागचा दावा होता.

आमच्या समाजाच्या नावामागे नोकऱ्यांची ओढाताण आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ विचार करत राहिले. यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. पोटाला चिमटा बसू लागला की माणूस आपण कोण आहोत ते मोठ्यानं सांगू लागतो. पुढे तर जमिनीही गेल्या. विमानतळ आला, रस्ते आले, टॉवर आले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात नेतो, त्या आता बाहेरून मागवाव्या लागतात, कारण शेतच उरलं नाही. अशा माणसाला 'आपण सगळे ख्रिस्तात एक' एवढंच सांगून भागत नाही. आधी त्याचं दुःख खरं आहे हे कबूल करावं लागतं.

उरलेलं अर्धं उत्तर मला पुष्कळ उशिरा कळलं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि युरोपीय पाद्री निघून गेले. साष्टी-वसईतल्या आमच्या खापरपणज्यांची लग्नं मग कुणी लावली, पोरांचे बाप्तिस्मे कुणी केले, मरणाऱ्याच्या कपाळाला तेल कुणी लावलं? प्रामुख्यानं गोव्याहून आलेल्या देशी पाद्रींनी. आमच्यातले काही वडीलधारे ज्यांना आजही उपरे म्हणतात, त्यांच्याच पूर्वजांनी आमचा धर्म त्या पडत्या काळात सांभाळला. हे मी एकदा कौन्सिलमध्ये बोलले. कुणीच काही उत्तर दिलं नाही, पण त्या दिवशी बैठक वेळेत संपली.

३. मेंढरं भांडायला शिकतात ती मेंढपाळांकडून. मुंबईतल्या कॅथलिकांचा इतिहास वाचताना मला सगळ्यांत जास्त वेदना झाल्या त्या पाद्रोआदो आणि प्रोपागांडा यांच्या वादानं. पूर्वेकडच्या चर्चवर आपला हक्क आहे असं पोर्तुगालचा राजा म्हणे, तो पाद्रोआदो. रोमनं स्वतः नेमलेले अधिकारी, ते प्रोपागांडाचे. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवलं आणि कार्मेलाइटांना बोलावलं. १७९४ पासून तर दोन सत्ता शेजारी शेजारी नांदू लागल्या, एक देऊळ गोव्याच्या आर्चबिशपांचं आणि दुसरं रोमच्या प्रतिनिधीचं. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन दारं लावून आत बसले आणि बाहेर त्यांच्याच पंथातल्या लोकांनी कित्येक दिवस वेढा घातला, अखेर सरकारला मध्ये पडावं लागलं. बांद्र्यात सेंट अँड्र्यूज पाद्रोआदोकडे आणि सेंट पीटर्स प्रोपागांडाकडे. एकाच रस्त्यावरची माणसं, पण बिशप निराळे.

वर राजा आणि पोप झगडत होते, आणि खाली त्या झगड्याला गोवेकर-मुंबईकर असा रंग चढत गेला. वरचं भांडण मिटलं तरी खालचा रंग उतरला नाही. १९२८ च्या करारानं दुहेरी सत्ता संपवली आणि तोडगा निघाला तो पाळीचा. मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. त्याप्रमाणे आधी लीमा आले, मग १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स. या देशातली माणसं एवढी, पण त्यांची पाळी त्या करारात कुठेच नव्हती.

४. खुर्ची सोडणारा माणूस क्वचित भेटतो, म्हणून त्याची गोष्ट जास्त सांगावी. रॉबर्ट्स इंग्रज जेझुइट होते. हिंदुस्थान स्वतंत्र होणार हे दिसू लागलं होतं, आणि मुंबईच्या गादीवर इथलाच माणूस हवा हे त्यांना पटलं होतं. पण त्यांनी नुसता राजीनामा दिला असता तर करारानुसार पुढची पाळी पोर्तुगीजाची. तेव्हा त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशियस यांना १९४६ मध्ये सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः बोटीनं मुंबईबाहेर निघून गेले. नावाला आर्चबिशप रॉबर्ट्स, काम ग्रेशियस यांचं. अशी काही वर्षं गेल्यावर जुलै १९५० मध्ये पोर्तुगालनं आपला हक्क सोडला, त्याच वर्षाअखेर ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल.

ही हकिगत मी तरुण मुलांना सांगते तेव्हा ती विचारतात, यात मोठं काय? मोठं एवढंच की रॉबर्ट्स यांनी नियम मोडला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत, फक्त खुर्चीत बसायचं थांबवलं. ग्रेशियस यांचा जन्म कराचीचा, मूळ गोव्याचं. तेव्हा आमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं, 'आर्चबिशप भारतीय झाला, पण आमचा नाही' असं म्हणाले. १९७८ मध्ये मरोळचे सायमन पिमेंटा आर्चबिशप झाले तेव्हा गावठाणागावठाणांतून झालेला आनंद मला आठवतो. आमच्या वडिलांनी मुंबईच्या त्या गादीवर पहिल्यांदाच आपल्या बोलीचा माणूस पाहिला होता. त्या आनंदाला मी संकुचित म्हणणार नाही. ज्याला कधीच मोजलं गेलं नाही, तो मोजणीत आला की मोठ्यानं हसतो.

५. सत्ता मोठ्या पदांत कमी आणि किल्ल्यांत जास्त असते. हॉलची किल्ली कुणाकडे, दफनभूमीचं रजिस्टर कुणाकडे, माइकवर कोण, फेस्ताच्या मिरवणुकीत सांक्रामेंतावर छत्र धरणारे चौघे कोण, क्वायरमध्ये पहिला आवाज कुणाचा, शाळेच्या प्रवेशासाठी फादरांची चिठ्ठी कुणाला सहज मिळते. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. पण मुंबईसारख्या शहरात, जिथे मेलेल्यालाही जागा मिळत नाही आणि काही काळानं तीच कबर दुसऱ्यासाठी उघडली जाते, तिथे रजिस्टर ज्याच्या हातात त्याला गावात मान असतो. कुणाच्या आजोबांची कबर कायमची आणि कुणाच्या बापाची हाडं भिंतीतल्या खणात, यावर पिढ्यानपिढ्या राग धरणारी घरं मला माहीत आहेत.

एक विधवा बाई, मंगळुरी, नवऱ्याच्या दफनानंतर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आम्ही इथे एवढी वर्षं देणगी देतो, पण जागा मागायला गेलं की आम्हाला गाव विचारतात." मी काय बोलणार? त्यांचं गाव हेच होतं. मुलांचा जन्म इथला, नवऱ्याची नोकरी इथली, आता त्याची मातीही इथली. आमच्या माणसांच्या दुःखाबद्दल मी वर लिहिलं, त्याच शाईनं हेही लिहायला हवं.

६. समोरचा गट दुरून एकसंध दिसतो, जवळ गेलं की त्याच्यातही पायऱ्या दिसतात. गोव्यात एका लग्नाला गेले होते. मुंबईत ज्यांना आम्ही सरसकट गोंयकार म्हणतो, त्यांच्यात बामण, चार्दो, सुदीर असे भेद आजही सोयरिकीच्या वेळी वर येतात हे तिथे पहिल्यांदा उघड्यावर ऐकलं. कोंफ्रारियाही, म्हणजे चर्चमधल्या भाविकांच्या बंधुमंडळ्याही, गावोगाव जातीनं वेगळ्या असायच्या, कुणाचा अंगरखा लाल, कुणाचा निळा. कुंकळ्ळीला सावद सायबिणीच्या फेस्तावरून गावकरांची कोंफ्रारिया आणि बाकीचे भाविक यांच्यात वर्षानुवर्षं तणाव राहिला. हेच कुंकळ्ळी, जिथे १५८३ मध्ये जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावकरांना कपटानं मारलं. ज्यांच्या पूर्वजांनी धर्मांतराला एवढा विरोध केला, त्यांच्याच वंशजांना आज फेस्तातला आपला मान जिवापाड वाटतो. इतिहासाचं हे वळण मला चक्रावून टाकतं. त्यावर घाईनं मत द्यायला मी धजावत नाही.

याच मातीतले मातेउश द कास्त्रू. दिवाडीचे ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा द्यायला नकार दिला, तेव्हा ते थेट रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये बिशपही झाले. परत आले तर गोव्यात कुणी मानेना. मग पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखात डिचोलीला बसून त्यांनी काम केलं. कातडीच्या रंगावरून नाकारल्या गेलेल्या या माणसाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण १६५३ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध जे लिखाण पाठवलं ते ब्राह्मणांना उद्देशून होतं. गोव्यात ख्रिस्ती कुणबी होते, गावडे होते, कोळी होते. त्यांना कुणी पत्र लिहिलं नाही. पुढे १७८७ मध्ये पिंटोंचा उठाव झाला. त्याच्या मुळाशीही देशी पाद्रींना बिशपपद नाकारल्याचा राग होता, आणि त्यातल्या कित्येकांना पोर्तुगीजांनी फासावर चढवलं. अन्याय सोसलेला माणूस आपोआप सगळ्यांचा कैवारी होतो असं मला तरुणपणी वाटायचं. कास्त्रूंबद्दल वाचल्यापासून तसं म्हणवत नाही.

७. आपल्या घरातल्या पायऱ्या शेवटी दिसतात. आजीच्या वेळी कोळीवाड्यातली मुलगी शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही, वसईत सामवेदी आणि वाडवळ यांची सोयरीक व्हायची नाही, हे नियम कुणी लिहिले नव्हते आणि सगळ्यांना पाठ होते. आता लग्नं होतात. पण फेस्ताच्या जेवणात कुणी कुणाच्या शेजारी बसायचं ते अजून पाय आपणच ठरवतात.

८. हे नुसतं आम्हा कॅथलिकांचं दुखणं नाही. नगरकडच्या प्रॉटेस्टंट मैत्रिणीशी बोलताना कळलं की तिच्या मंडळीत एकेकाळी महार घरांतून आलेले आणि मांग घरांतून आलेले यांचे बाक वेगळे असायचे. आणि सगळ्यांच्या वर मिशनचा गोरा साहेब, पगाराच्या वहीसकट. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, तो याच घुसमटीतून. ख्रिस्त हवा, पण परक्या मालकीचा नको, ही त्यांची तळमळ. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या मनातली सोवळ्याची गाठ हळूहळू कशी सुटली ते जितकं मोकळेपणानं सांगितलं आहे, तितकं मोकळं लिखाण आमच्या कॅथलिक समाजात मला अजून सापडलेलं नाही. ते कुणीतरी लिहावं.

९. वेगळं होण्यात सुटका असते आणि नुकसानही. १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाच्या कॅथलिकांसाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. संत थोमाची परंपरा सांगणारी, स्वतःची उपासनापद्धती असलेली ही माणसं, तोवर आमच्यासारख्या लॅटिन पॅरिशमध्ये येत होती. त्यांना त्यांचं घर मिळालं हे न्याय्यच झालं. पण आमच्याकडची काही घरं तिकडे गेली तेव्हा क्वायर एकदम विरळ झाला. 'मल्याळ्यांनी क्वायर बळकावलाय' म्हणणारेच पुढच्या ईस्टरला सूर शोधत होते.

वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला, तेव्हा मात्र मी मनापासून सुखावले. तिथे मराठी ही चर्चची रोजची भाषा आहे, तिला वेळ मागत फिरावं लागत नाही. पहिले बिशप थॉमस डाबरे वसईचेच, तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिलेले. 'सुवार्ता' मासिकातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पिढ्या घडवल्या, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू संमेलनाध्यक्ष कसा, म्हणून त्यांना धमक्या आल्या तेव्हा आमच्या देवळातले गोवेकर आणि मंगळुरी आमच्याइतकेच संतापले होते. त्या आठवड्यात मराठी आमची आणि कोकणी त्यांची, हे कुणाच्या मनातही आलं नाही. बाहेरून घाव बसला की आतली भिंत दिसेनाशी होते. पण घाव बसावा अशी वाट पाहत तर कुणी राहू शकत नाही.

१०. पाळी लावून भांडण मिटत नाही. आमच्याकडे फेस्ताच्या समितीचं अध्यक्षपद दर वर्षी एकेका समाजाकडे फिरवायचं ठरलं. १९२८ च्या कराराची छोटी प्रत म्हणा. झालं असं की प्रत्येक समाज आपलं वर्ष आलं की मागच्या वर्षाचं उट्टं काढू लागला. एका वर्षी बँड गोवेकर, दुसऱ्या वर्षी घुमट आणि आमची गाणी, तिसऱ्या वर्षी जेवणात फिश करी की बॉटल मसाल्याचं मटण यावर चर्चा. ज्याचं वर्ष नसेल तो मांडव घालायलाही येईना.

त्या सुमारास बायबल वर्गात 'प्रेषितांची कृत्ये'चा सहावा अध्याय शिकवायला माझ्याकडे आला. कितीतरी वेळा वाचलेला, पण तेव्हा तो निराळा दिसला. ख्रिस्त जाऊन फार काळ झालेला नाही, आणि पहिल्याच मंडळीत कुरबूर सुरू. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक यहुद्यांच्या विधवांना वगळलं जातं, हिब्रूभाषकांच्या विधवांना मिळतं. म्हणजे आमचं भांडण दोन हजार वर्षांपूर्वीचंच. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही, एकीवर प्रवचनही झोडलं नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. नावं पाहा, सातही ग्रीक. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच हाती सगळ्यांचं वाटप दिलं. आपल्या वाट्यापुरतं नाही, हिब्रूभाषकांच्या विधवांचंही.

हे मी कौन्सिलमध्ये मांडलं. बऱ्याच वादानंतर दफनभूमीचं रजिस्टर त्या मंगळुरी बाईंच्या मुलाकडे आणि हॉलची किल्ली एका तामिळ कुटुंबाकडे गेली. मराठी मिस्सेचं वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत इंग्लिश क्वायरमधली एक गोवेकर मुलगी आली. लगेच स्वर्ग अवतरला असं नाही. रजिस्टरवर आमच्या काही घरांनी संशय घेतला, तोंडावर बोलले. त्या मुलानं जुन्या नोंदी भिंतीवर लावल्या, कुणालाही वाचता याव्यात म्हणून. त्यात काय निघालं ते सांगत नाही, कारण जिवंत माणसांची नावं आहेत. पण त्यानंतर जागेसाठी आलेल्या माणसाला गाव विचारायची पद्धत बंद पडली. गोवेकर मुलीनं तर मराठी मिस्सेसाठी आमच्यापेक्षा जोरात भांडून महिन्यातला एक रविवार मुख्य वेळेचा मिळवला. तिचं म्हणणं, तिच्या आजीला कोकणीत जे कधी मिळालं नाही ते कुणालातरी मिळू दे.

११. आम्ही चार समाज एकमेकांकडे बघत असताना पाचवा मागच्या बाकावर येऊन बसतो आणि आम्हाला दिसत नाही. झारखंड, छत्तीसगड, ओडिशातून आलेल्या उरांव, मुंडा, खडिया मुली आमच्या इमारतींत घरकाम करतात. त्यांच्याकडे शे-सव्वाशे वर्षांचा पिढीजात कॅथलिक धर्म आहे. रविवारी दुपारी काम आटोपून त्या येतात, कारण सकाळी मालकांच्या घरी नाश्ता असतो, आणि हे मालक बहुधा साडेआठच्या मिस्सेला गेलेले असतात. त्या सादरी भाषेत गातात. इतकं सुंदर गातात की मी एकदा बाहेर पायरीवरच थांबले. त्यांची कौन्सिलवर एकही नाही. त्यांच्यापैकी एकीचा गावी बाप वारला तेव्हा मिस्सा कुणाकडे सांगायची हेही तिला माहीत नव्हतं.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्यासाठी एक जागा आणि दुपारच्या मिस्सेचा कारभार त्यांच्याच हाती, असा ठराव मी लेखी दिला आहे. पहिली हरकत आली ती आमच्या गावठाणातून. या मुली वर्षा-दोन वर्षांनी घर बदलतात, आज इथे उद्या अंधेरीला, त्यांचा पॅरिशशी संबंध तो काय? प्रश्न अगदी चुकीचा नाही. पण धोबीतलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गावागावाच्या वसतिगृहांत, राहणारे गोव्याचे खलाशीही बोट मिळेपर्यंतच मुक्कामाला असत. जाताना पेटी तिथेच ठेवून जात, परत आले की पुन्हा त्याच खोलीत. प्रत्येक कूडात गावच्या संताची वेदी होती आणि रोज संध्याकाळी रोजार व्हायचा. त्यांनाही त्या काळी कुणी विचारलं असेल की तुमचा इथे संबंध काय. त्यांचीच नातवंडं आज आमच्या कौन्सिलवर आहेत. बैठकीत हे मी सांगणार आहे, आणि त्या नातवंडांपैकी दोघांनी ठरावावर सही केलेली आहे.